टाळीविना कीर्तन

पूर्वरंग संपत आला तरी सभामंडपात एकही टाळी वाजली नव्हती. कीर्तनकार सुभद्राबाई आचवलांनी तीनदा विनवलं, “अहो माउली, हात काय उसने आणलेत? वाजवा की!” लोक हसले, नामघोषही केला, पण हात मांडीवर पालथेच राहिले. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आपलीच वाणी आटली, असं त्यांना वाटलं.

मध्यंतरात बुक्का लावायला देवस्थानचे विश्वस्त दादासाहेब पुढे आले. त्यांचा हात कपाळाशी येताच सुभद्राबाईंना तळव्यावरचे टाके दिसले. टाक्यांखाली कातडी बोटभर फुगली होती आणि मधल्या भोकातून तेलाचा वास येत होता.

“हे काय?” त्या मागे सरल्या.

“पिस्तूल आहे, आतच शिवलेलं. नवा कायदा आहे ना! कुणीही बसवून घ्यावं आणि कुणी विचारू नये. तुम्ही विचारलंत, तरी आपल्या म्हणून सोडतो,” दादासाहेब हसले. “घाबरू नका. जोरात टाळी दिली तरच उडतं.”

सुभद्राबाईंनी सभेकडे पाहिलं. सगळे हात पालथे होते.

“कुणाचे तरी हात मोकळे असतील ना? निदान एक तरी टाळी!” त्या कळवळून म्हणाल्या.

पहिल्या रांगेतल्या पंचाऐंशी वर्षांच्या ताराआजींनी भक्तिभावानं हात उचलले. शेजारच्या सुनेनं झडप घालून ते धरले.

“अहो आई, कालच बसवलंय ना!”

चिपळ्या झोळीत टाकून सुभद्राबाई बुक्क्याविनाच मंडपाबाहेर पडल्या. उत्तररंग झालाच नाही.