चावी न लागणारं घड्याळ

मुलानं वडिलांच्या डाव्या मनगटाला कान लावला. घड्याळ चालू होतं. त्याला हसू आलं आणि रडूही आलं. "बाबा, लपूनछपून हात हलवताय ना?" त्यानं हळूच विचारलं. वडील छताकडे बघत राहिले. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती आणि डावं अंग पार लुळं पडलं होतं.

घड्याळ मुलानंच आणलं होतं. वडिलांकडे तरुणपणापासून एक जपानी घड्याळ होतं. पातळसं, सायीच्या रंगाच्या तबकडीचं. रोज सकाळी पुढ्यातला चहा निवेपर्यंत ते त्याला चावी देत बसत. ते कायमचं बंद पडलं, तेव्हा वडील दोन दिवस धड जेवले नव्हते. हे नवं त्याच्याच रूपावर बेतलेलं. शेजारी ठेवली असती तर जुळी वाटली असती. हे बघून वडिलांना निदान ओळख पटेल, एवढीच मुलाची आशा होती. पण वडिलांनी घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

विकताना दुकानदार मात्र एक गोष्ट बोलला होता. याला चावी लागत नाही आणि सेलही नाही. हे हाताच्या हालचालीवर चालतं, हात स्वस्थ पडून राहिला की दोनेक दिवसांत थांबतं. मुलाला हे आठवलं तोवर घड्याळ आणून बरेच दिवस झाले होते. आणि ते एकदाही थांबलं नव्हतं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसांच्या बोलण्यापेक्षा त्याचा यंत्रावर भरवसा जास्त. वडिलांकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी तर कधीच हात टेकले होते. आता फक्त कूस बदलत राहा, असं सांगून त्यांनी यायचं थांबवलं होतं. बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या त्या मऊ आवाजाचा मुलाला संताप यायचा. आता त्यांना दाखवतोच, असं त्यानं मनाशी धरलं. आईला मात्र तो काहीच बोलला नाही. ती आधीच खंगली होती. खात्री झाल्याशिवाय तिला आशेला लावणं त्याच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बाईंकडे गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आई मालिश करताना हात उचलत असेल, असं म्हणून पाहिलं. तेवढ्यानं हे चालत नाही, दुकानात परत जाऊन विचारलंय, असं तो ठासून म्हणाला. मग त्यांनी पिशवी उचलली.

"माझंच चुकलं असेल तर मला बरंच वाटेल," त्या म्हणाल्या.

जिना चढताना मुलगा दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता. या वेळी तो कधीच घरी नसायचा. दार नुसतं लोटलेलं होतं. वडील खाटेवर उताणे पडले होते, डोळे छताला लावून. डावा हात अंगालगत होता. मनगट मोकळं होतं.

आई गॅलरीत वडिलांच्या ओल्या चादरी झटकून दोरीवर टाकत होती. चांगली जोर लावून झटकत होती. तिच्या वाळलेल्या हातावर घड्याळ मनगटापासून कोपरापर्यंत खालीवर घसरत होतं.

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

आई वळली. दोघांना बघून ती ओशाळली आणि घाईघाईनं पट्टा सोडायला लागली.

"रागावू नकोस रे," ती म्हणाली. "पट्ट्यानं त्यांचं कातडं सोलवटतं. म्हणून तू कामावर गेलास की मी माझ्या हातात घालते, आणि तू यायच्या आत त्यांना परत बांधते. रोज ते बघून तुझा चेहरा फुलतो ना, तेवढ्यासाठी."