लाकडाचा रंग

“डोळे मिटा,” प्रमोदिनी म्हणाली आणि श्रीरंगरावांचा हात धरून तिनं त्यांना आतल्या खोलीत नेलं. “हं, आता उघडा.”

खिडकीपाशी त्यांचं लिहायचं टेबल होतं. पंधरा दिवसांपूर्वी ते दौऱ्यावर गेले तेव्हा ते गडद शिसवी होतं. आता निळं होतं. साधं निळं नव्हे. रंगात मुद्दाम बारीक तडे पाडलेले, कडा घासून जुन्या केलेल्या आणि चारी बाजूंनी पिवळ्या शेवंतीची किनार.

“मंडळात हेमलताताई शिकवतात ना, जुन्या सामानाला नवा रंग, तिथं शिकले. तुम्ही रिटायर झालात की सांगलीला हेच न्यायचं. कसं झालंय?”

“सुंदर,” श्रीरंगराव म्हणाले. खरंच सुंदर झालं होतं. फक्त ते त्यांचं नव्हतं.

टेबल सरकारी होतं. सहासष्ट साली आर. के. पुरमचा हा क्वार्टर त्यांनी मद्रासला बदलून गेलेल्या अय्यरसाहेबांकडून ताब्यात घेतला, तेव्हा टेबल आतच होतं. वाकून खालचा पांढरा नंबर तेवढा तपासला आणि यादी न वाचताच सही ठोकली. प्रमोदिनी तेव्हा लेकीच्या, अलकाच्या वेळच्या बाळंतपणाला माहेरी होती. परत आली तशी टेबल पाहून हरखली. “माझ्यासाठी आणलंत?” तिचा तो चेहरा पाहून त्यांना ‘नाही’ म्हणवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत बावीस वर्षं गेली.

ऑफिसची पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेला माणूस. आठ आठवड्यांनी क्वार्टर सोडायचा, यादी घेऊन बाबू येणार, आणि चौतीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीवर शेवटचा शेरा पडणार : सरकारी सामानाची नासाडी.

तीन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी चहा पिताना त्यांनी सगळं सांगून टाकलं.

प्रमोदिनीनं कप खाली ठेवला. “बावीस वर्षं मी बायकांना सांगतेय, ह्यांनी हौसेनं आणलं म्हणून!” मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आणि तीन दिवस पोळी टाकून उठत होता, ते यासाठी? अहो, काढून टाकू की रंग.”

पण रंग निघेना. खरवडला तर त्याच्याबरोबर खालचा तांबूस थरही निघायला लागला. तिनं हात आवरला.

रविवारी दोघं स्कूटरवरून पंचकुइयाँ रोडला गेली. टेबलाचा खण प्रमोदिनीच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. त्याच्या एका कडेला मूळचा शिसवी पट्टा तेवढा वाचला होता. फर्निचरच्या रांगेत मागच्या बाजूला नियाझ उस्तादांची खोली होती. नुसत्या रंगानं हुबेहूब लाकडाच्या रेषा काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं हेमलताताई म्हणाल्या होत्या.

उस्तादांनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. खण उजेडात धरला आणि हसले. “किसी पक्के हाथ का काम है, साहब.”

“हां, पहले के बढ़ई ही अलग थे,” श्रीरंगराव म्हणाले.

उस्तादांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. “मैं कर दूँ, या सीखोगे?”

“सीखेंगे,” प्रमोदिनीच म्हणाली.

मग दर रविवारी शिकवणी. आधी फिकट रंगाचा सपाट हात, तो वाळला की वरून गडद पातळ रंग, आणि तो ओला असतानाच त्यातून कंगवा ओढायचा, म्हणजे रेषा उमटतात. प्रमोदिनीला पहिल्याच दिवशी जमलं. श्रीरंगरावांच्या रेषा मात्र पट्टीनं आखल्यासारख्या यायच्या.

“हाथ ज़रा काँपने दो, साहब. पेड़ कभी सीधी लकीर नहीं खींचता.”

घरात जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यांवर सराव चाले. संध्याकाळी दोघं गॅलरीत शेजारी शेजारी बसून लाकूड काढत. लाकडातली गाठ अंगठा पिळून काढायची असते. ती एके दिवशी श्रीरंगरावांना अशी साधली, की त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन प्रमोदिनीला हाक मारून दाखवली. कणकेचे हात तसेच ठेवून ती पाहत राहिली. “बिल्कुल खरी वाटते हो!” इतकी वर्षं संसार केला, पण दोघांनी मिळून एक गोष्ट शिकावी, असं कधी झालंच नव्हतं.

टेबलावर पहिला हात द्यायच्या दिवशी श्रीरंगरावांनी ब्रश उचलला आणि फुलांपाशी थांबले. “तुझी फुलं आहेत गं.”

“फुलं मी पुन्हा काढीन,” प्रमोदिनी म्हणाली. “तुमचं गेलेलं नाव मला पुन्हा काढता यायचं नाही.” तिनं त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि पहिलं फूल स्वतःच झाकलं.

चार दिवसांनी टेबल शिसवी झालं. खणाच्या कडेचा जुना पट्टा आणि नवं काम यांतला फरक त्यांचा त्यांनाही सांगता येईना.

ठरल्या तारखेला बाबू आला. तरुण, अदबशीर. त्यानं पंखे मोजले, नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या काचा पाहिल्या. मग टेबलाखाली वाकून नंबर वाचला. वरून हात फिरवला. पुन्हा वाकला. रजिस्टर उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“साहब, ये टेबल वो नहीं है.”

प्रमोदिनीनं नवऱ्याची बाही घट्ट धरली.

“नंबर तो वही है,” श्रीरंगराव कसेबसे म्हणाले.

“नंबर वही है, सर. आप खुद देख लीजिए.”

बाबूनं रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. सहासष्ट सालचं पिवळं पान. तळाशी त्यांचीच तरुणपणची ठसठशीत सही, आणि तिच्या वर टाइप केलेली ओळ :

लिहिण्याचे टेबल, एक. साधे लाकूड. रंग निळा.