पंगतीतला पाट

“आये, माझा संगणक सापगावच्या शाळंला दे. पोरांना पयली त्यातली भाषांची यादी दाखव,” तापाने फणफणलेला जीवन म्हणालेला. मी हो म्हटलं. नोकरीच्या मुलाखतीत साहेब त्याच्या इंग्रजीला हसले, तेव्हापासून तो इंग्रजी बोलायला लाजायचा. मग त्या यादीत अमेरिकेच्या, ब्रिटनच्या इंग्रजीशेजारी ‘इंग्लिश (भारत)’ दिसलं आणि पोर हरखलं! “आये, आपल्या इंग्रजीला पण पंगतीत पाट मांडलाय गो!” त्या तापातच तो गेल्यावर संगणक मी देवांशेजारी ठेवला. रोज हळदकुंकू, फूल वाहिलं. बटण दाबलं नाही. काल त्याची बहीण शीतल म्हणाली, “फुलं वाहून पोरं शिकतील काय गो?” “मग घरात त्याचं काय उरंल?” मी म्हटलं. ती रडायला लागली. आज सोमवारचा उपास. पूजा आटोपली. काचेवरचं कुंकू पदराने हलकेच पुसलं, संगणक गोधडीत गुंडाळला आणि सापगावची रिक्षा थांबवली.