माटवीखालची जागा

“टाक ना पैसे! चतुर्थीच्या आठवड्यात समुद्रासमोरचं अख्खं घर परत मिळणार आहे का?” नवरा माझ्या मागे लागला होता.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून घरमालकही घाई करत होता. “मॅडम, दुसरी पार्टी थांबलीय. ॲडव्हान्स टाका, लगेच लोकेशन पाठवतो.”

“गणपतीत तुमचं घर रिकामं कसं?”

“आमच्याकडे गणपती-बिणपती काही नसतं. एकदम शांतता.”

मी त्याने पाठवलेला फोटो बोटांनी मोठा केला. हॉलच्या छताला लाकडी चौकट टांगलेली होती. आमच्या मालवणकडे तिला माटवी म्हणतात. तिला नारळ, काकड्या बांधायच्या आणि तिच्याखाली गणपती बसवायचा. माटवीच्या घरात चतुर्थीला घरच्याच माणसांना पाय पसरायला जागा नसते, तिथे हा मला शांतता विकत होता.

“आत्ता व्हिडिओ कॉल लावा. त्या चौकटीखाली उभे राहा आणि तिला काय म्हणतात ते सांगा.”

“घर हवंय की टाइमपास करताय?”

“दुसऱ्याच्या घराचा फोटो चोरलायस. तुझा नंबर सायबर पोलिसांना देतेय.”

फोन कट झाला.

“तुझ्या माहेरची गर्दी नको म्हणून तर दरवर्षी असं काहीतरी शोधतो मी,” नवरा पुटपुटला. “आता जायचं कुठे?”

मी कपाटावरची बॅग खाली ओढली.

“मी माझ्या माटवीखाली चाललेय. यायचं तर ये. ओटीवर चटई मिळेल, भाडं नाही. आरतीला टाळ मात्र वाजवावे लागतील.”