जुनाजाणता

“काढून टाक त्याला! आत्ताच्या आत्ता!”

ओमकार एवढ्या तावात बोलला, की गल्ल्यावर पेंगणाऱ्या कोंडूशेठनं डोळे उघडून बघितलं. शहापूरच्या एसटी स्टँडासमोरचा त्याचा सायबर कॅफे. भर दुपार, गिऱ्हाईक म्हणायला ही दोघंच. मनस्वी एरवी सापगावहून सायकल हाणत यायची ती साइटवर लिहायला, आज आली होती ती याच कामासाठी. साइटवरून कोणाला हाकलायचं तर दोघांचंही ‘हो’ लागायचं. नियम ओमकारनंच केलेला. साइट त्याच्या एकट्याची होती तेव्हा नव्हे हं, ती हिची व्हायला लागली तेव्हा.

साइट म्हणजे ‘लोहगरुडाचा अड्डा’. लोहगरुड हा चित्रकथांतला पोलादी पंखांचा वीर. त्याचे अंक बंद पडून जमाना लोटला, पण म्हसा गावच्या जत्रेत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ते उपसून काढणाऱ्यांचं वेड काही उतरलं नव्हतं. दोन हजार सालाच्या सुमारास, कॉलेजात असताना, ओमकारनं याच कॅफेत बसून एक पान बनवलं. वर लुकलुकणारं नाव, मधे एक वेडावाकडा गरुड, खाली येणाऱ्याजाणाऱ्यानं दोन शब्द लिहायची जागा. तिथं पहिल्यांदा लिहिलं मनस्वीनं. ‘दादा, लय भारी!’ ओमकार इतका हरखला, की पुढच्याच आठवड्यात तिला पासवर्ड देऊन बसला.

घ्या! पोरीनं गप्पांची पानं उघडली, वाद लावले, कोडी घातली. नागपूरची माणसं आली, सांगलीची आली, पार दुबईहून लोक लिहायला लागले. आता ती लोहगरुडाच्या आईवर लेखमाला लिहीत होती आणि खाली नुसतं ‘वा ताई, वा ताई’ चाललं होतं. एका नागपूरकरानं तर चक्क विचारलं, हा ओमकार कोण? ते वाचलं त्या दिवशी ओमकारला घास गेला नाही. आयत्या बिळावर नागोबा! ज्याचं घर, त्यालाच लोक पाहुणा समजतात म्हणजे काय?

मग साइटवर ‘जुनाजाणता’ नावाचा एक सभासद उगवला. मनस्वीचा लेख आला की याची टीका आलीच. ‘आठव्या अंकात आईच्या हातात कंदील आहे, पणती नाही. लेखिकेनं अंक पाहिलाय, की नुसता ऐकलाय?’ हा जुनाजाणता कोण, ते साइटवर कोणाला ठाऊक नव्हतं. ओमकारला होतं, कारण तो तोच होता. स्वतःला तसा लेख लिहायला जमेना, चुका काढायला मात्र झकास जमायचं. हिचा लेख तो दोन-दोनदा वाचायचा, शब्द न् शब्द चाळून काढायचा, आणि एखादा खडा सापडला की पोटात कसं गार पडायचं. ही टीका लिहिताना तो आपल्या नेहमीच्या जागेवर बसायचा नाही, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जायचा. तेवढी हुशारी होती त्याच्याकडे.

पण परवा त्याचा तोल सुटला. ‘बाईमाणसाला पोलादातलं काय कळतंय?’ असं लिहून मोकळा झाला. साइटवर गदारोळ उठला, काढा त्याला, काढा त्याला! ओमकारनं हिशेब केला. चला, जुन्याजाणत्याचा बळी देऊ नि आपण सज्जन ठरू.

“बघतेस काय? काढ ना,” तो पुन्हा म्हणाला. “असली माणसं नायच पायजेत आपल्याला.”

“थांबा, दादा. आधी हे बघा.” मनस्वीनं पडद्यावर एक पान उघडलं. साइटवर कोणी काही लिहिलं, की ते कुठल्या कनेक्शनवरून आलं त्याचा आकडा तिथं दिसायचा. तिनं बोट ठेवलं. “हा तुमचा. हा माझा. आणि हा त्याचा.”

तिन्ही आकडे एकच होते.

ओमकार खुर्ची ओढून पडद्यावर वाकला. “पण... कॉम्प्युटर वेगळा असंल की त्याचा.”

“असू दे ना. कॅफेची लाइन एक, तर बाहेरून आकडा पण एकच दिसतो. कुठं पण बसा.” ती सरळ पडद्याकडं बघत होती. “म्हंजे इथंच येतो तो. आपल्या शहापुरातच.”

आता ही कोंडूशेठला हाक मारणार, इथं कोण कुठं बसतं ते विचारणार, असं ओमकारला वाटलं. साइट गेली, नाव गेलं, गावात छी-थू. त्यानं डोळे मिटून घेतले.

हाक काही आली नाही. आला तो माउसचा आवाज. त्यानं बघितलं, तर तिनं ते पान बंद केलं होतं.

“नको काढायला त्याला,” मनस्वी म्हणाली. “ते बाईमाणसाचं बोलला ना, लागलं मला. दोन दिवस काय लिवलं नाय मी. पण दादा, ते वा ताई, वा ताई करणारे निम्मे वाचत पण नाय हो. मला काय कळत नाय का? कंदील का पणती, ते कोणाच्या ध्यानात आलं? ह्याच्याच. मी गपचूप सुधारून टाकलं.”

ओमकारनं मान खाली घातली. खरं तर लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण लाजेच्याही आधी काय वाटलं सांगू? हेवा. एवढा मोठेपणाही हिलाच यावा!

मनस्वीनं ओढणी डोक्यावरून घेतली, कोंडूशेठला “येते हां” म्हणाली आणि दाराशी जाऊन थांबली.

“उद्या शेवटचा भाग टाकते, दादा. त्याला सांगा, सावकाश वाच म्हणावं.”