एकट्याची चटई

सात चटया घातल्या होत्या. सहांवर जोडपी, सातवीवर मिलिंद एकटाच.

बदलापूर पूर्वेच्या एका प्रसूतिगृहात दर रविवारी दुपारी कुंदाताई होणाऱ्या आईबापांचा वर्ग घ्यायच्या. तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. कळ आली की श्वास कसा सोडायचा, नवऱ्याने कंबर कुठे दाबायची, सगळं करून दाखवायच्या. बाकीचे पुरुष बायकांच्या कंबरा दाबत होते. मिलिंद हात मांडीवर ठेवून नुसता श्वास सोडत होता.

वर्ग सुटला तरी तो उठला नाही. बायकोला बरं नाही का, कुंदाताईंनी विचारलं.

"ती बरी आहे. मी इथे आलोय हे तिला माहीत नाही. भीती मलाच वाटते."

मग तो अडखळत बोलू लागला. त्याला जन्म देतानाच आई गेली होती. त्याचा वाढदिवस घरात कधी झाला नाही. त्या दिवशी आईच्या फोटोला हार पडायचा. आई तापाने गेली, एवढंच त्याने बायकोला, राजसीला सांगितलं होतं. तिला दिवस गेल्यापासून आनंदनगरच्या कारखान्यात तो मुद्दाम सेकंड शिफ्ट मागून घेत होता. घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. आता तिला आठवा लागला होता, आणि तिच्या पोटाला त्याने एकदाही हात लावला नव्हता.

काही होणार नाही, असं कुंदाताई म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आईचं नाव काय?"

शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर त्याने ते लिहिलं होतं. तोंडाने उच्चारायची वेळ कधी आली नव्हती.

"उमा," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

त्याचं रडणं थांबेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, हे सगळं राजसीला सांगा. ती घाबरेल, तो म्हणाला. त्या म्हणाल्या, तरी सांगा.

शिरगावला घरी पोचला तेव्हा राजसी पलंगावर पाय लांब करून बसली होती. दारातच उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं. तापाचं खोटंही सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. चिडणार, असं त्याला वाटलं.

"मला वाटलं, तुला बाळच नकोय," ती म्हणाली. "रोज एकटीच घाबरत होते मी."

सुजलेले पाय तिने जवळ ओढून घेतले आणि त्याला बसायला जागा केली.