आंबटसाहेबांचा शेरा

"हा कोपरा असाच ठेवणार?" त्या माणसानं विचारलं.

वहिनीनं ग्राइंडर बंद केलं. तळघरातली धूळ जरा खाली बसली, तेव्हा तो नीट दिसला. साठीच्या आसपासचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी हातोडी आणि तोंड असं, की आत्ताच कुणीतरी कडू औषध पाजलंय. शेजारी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई उभ्या होत्या.

"अध्यक्षांनी पाठवलंय यांना," बाई म्हणाल्या. "रोज येतील, सगळं नीट बघतील, मग काय ते सांगतील." इतक्यात वर फोन वाजला आणि बाई जिन्याकडे पळाल्या.

वहिनीनं घाईनं हात पुसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून झाल्यावर स्वतःच्या नावावर घेतलेलं हे तिचं पहिलं काम. चार मजली जुनं वाचनालय, तळघरातल्या खांबांना तडे गेलेले. आधी सहा खांब मजबूत करून दाखवायचे. पसंत पडले तर उरलेले चाळीस तिचेच. नाही पडले, तर विश्वस्त आपला दुसरा काय तो विचार करायला मोकळे.

"कोपऱ्याचं काय म्हणालात साहेब?"

"टोकदार आहे. तुमचं ते कापड ताणून बसवलंत की इथंच कापलं जाईल." हे सांगताना त्याचा चेहरा उगाचच उजळला.

म्हणणं तर खरं होतं. वहिनीनं सहाही खांबांचे चोवीस कोपरे पुन्हा घासायला घेतले, अंगठ्यासारखे गोल होईपर्यंत. तिचा दीर घामानं निथळला.

"वहिनी, हा खांब आहे की तान्ह्या बाळाचं डोकं?"

"बाळाचंच समज आणि हात चालव."

दुसऱ्या दिवशी गुंडाळणी सुरू झाली. कार्बनच्या धाग्यांचं काळं चकचकीत कापड रेझिनच्या चिकट रसायनात भिजवायचं, खांबाभोवती ताणून लपेटायचं आणि आतली हवा निघेपर्यंत वरून रोलर फिरवायचा. वाळलं की ते कापड राहत नाही, चिलखत होतं. बादलीतलं रेझिन अर्ध्या तासात दगड होतं, म्हणून हात भराभर चालवावे लागतात.

"बायकोनंसुद्धा मला कधी इतकं घट्ट धरलं नाही," दीर रोलर फिरवत म्हणाला.

"तिच्याकडे रेझिन नव्हतं," शिडीवरून त्यांचा मदतनीस लंबू म्हणाला. लंबूला शिडीची गरज नव्हती, पण चढायची हौस होती.

तिसऱ्या दिवशी तो माणूस वाळलेल्या खांबावर हातोडीनं टकटक करत फिरला. एका जागी थांबला.

"इथं पोकळ वाजतंय!" जणू लॉटरी लागली.

कापडाखाली तळहाताएवढी हवा राहिली होती. वहिनीनं बारीक भोक पाडलं, सिरिंजनं आत रेझिन भरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा वाजवून बघितलं. आवाज भरीव आला. त्याचा चेहरा पडला.

"भरलं वाटतं," तो पुटपुटला आणि निघून गेला.

"कसला आंबटसाहेब आहे हा!" लंबू म्हणाला. "चूक सापडली की दिवाळं निघालेल्याला खजिना सापडल्यागत खूश, काम चांगलं झालं की सुतक."

"तपासनीस म्हटला की असाच असायचा," वहिनी म्हणाली. तिला आता ईर्षा चढली. असं काम करायचं, की या माणसाला तोंड उघडायला जागाच ठेवायची नाही. एकावर एक येणारी कापडाची टोकं तिनं वीतभर दाबली. एका थराच्या जागी दोन दिले.

"खांब तुळईला मिळतो, त्या वरच्या सांध्याचं काय?" आंबटसाहेबांनी पाचव्या दिवशी आशेनं विचारलं. "तो तसाच राहणार ना?"

तसाच राहणार होता. पण संध्याकाळच्या आत वहिनीनं सहाही सांधे लपेटले.

त्या दिवशी तो त्यांच्यात बसून चहा प्यायला. "चाळीस वर्षं इमारतीच बघतोय, बाई," कपात बघत तो म्हणाला. "हिची नस कुठं आहे, ते हात लावला की कळतं मला. पण तुम्ही एकेक नस बंद करत सुटलाय."

वहिनीला ही शाबासकी वाटली. चेहऱ्यावरून मात्र तसं दिसत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी अध्यक्ष स्वतः खाली आले. मागं दोन विश्वस्त आणि ग्रंथपालबाई. बाईंनी हाताची घडी इतकी घट्ट घातली होती, की पुस्तकं नव्हे, पोटची पोरंच वर ठेवून आल्यात असं वाटावं. वहिनी, दीर आणि लंबू भिंतीला लागून उभे राहिले.

आंबटसाहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. सहाही खांब खालून वर, चारही बाजूंनी वाजवले. लंबूकडून शिडी मागून घेतली आणि सांधे वाजवले. कोपऱ्यांवरून बोटं फिरवली. एका टोकाशी नख घालून कापड उचकटायचा प्रयत्नही केला. नखच तुटलं. अर्धा तास हेच चाललं. दीर वहिनीच्या कानाशी लागून म्हणाला, "वहिनी, हा आता कापडाच्या रंगाला नावं ठेवील बघा."

शेवटी तो शिडीवरून उतरला.

"बोला," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं काय म्हणणं?"

आंबटसाहेबांनी हातोडी पिशवीत टाकली, वहिनीकडे बघून हात जोडले आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच हसले.

"दुसरा कुणी पाडकामवाला बघा, साहेब. ही इमारत आता माझ्याच्यानं पडायची नाही."